खड्यातली मुंगी

"यात मुंगी हाय का न्हाई, एवढंच सांग," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बंडीच्या खिशातून एक कापडी पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी पुरचुंडीकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिले. माझे वडील, नेमगोंडा मगदूम, आमच्या पंचगंगेकाठच्या गावचे वैद्य. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॉसवर पीएच.डी. करायला लागल्यापासून त्यांनी कधी त्या इमारतीची पायरी चढली नव्हती. मॉस म्हणजे ओल्या भिंतीवर, दगडावर मखमलीसारखं उगवतं ते हिरवं शेवाळ. "शेवाळ बघायला कालिजात कशाला जायाला पायजे? आमच्या न्हाणीमागं लई हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि वर स्वतःच हसत. मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी मात्र ते भल्या सकाळची एसटी पकडून आले होते, डोक्यावर टोपी, पायात गावाकडची पायताणं, आणि चेहरा असा की आत येऊ की नको म्हणून दारात उभ्या राहिलेल्या पेशंटचा असतो तसा.

पुरचुंडीत जांभळाएवढा एक पिवळसर खडा होता. खडा मी ओळखला. फार जुन्या झाडांचा चीक कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडला गेला की त्याचा असा खडा होतो. इंग्रजीत त्याला अंबर म्हणतात. आमच्या घरात तृणकांत म्हणत, कारण लोकरीवर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. आप्पा खरा-खोटा खडा असाच पारखायचे, आणि ती काडी टुणकन उडून चिकटलेली बघायला मी लहानपणी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. खरा निघालेला खडा गुलाबपाण्यात दिवसच्या दिवस खलून त्याची पिष्टी करायची आणि रक्त जाण्याच्या दुखण्यांवर द्यायची, हे आमच्या पणजोबांपासून चालत आलेलं.

त्यात आमच्या घराचा एक नेम होता. आम्ही जैन. अशा खड्यात कधीकधी एखादा डास, कोळी, मुंगी अडकलेली असते. चिकात पाय रुतला आणि तिथंच संपली. असा खडा खलात घालायचा नाही. किती का जुनी असेना, जीवाची काया औषधात जाता कामा नये. शास्त्रात असं कुठं लिहिलंय ते मला माहीत नाही, इतर कुठले वैद्य हे पाळतात असंही नाही. पण पणजोबांनी पाळलं, आजोबांनी पाळलं, आणि आप्पा तर पाळण्यात दोघांच्या वरचढ.

खडा मी खिडकीच्या उजेडात धरला. मध्यभागी तिळाहून थोडं मोठं काळपट काहीतरी होतं. गोल डोकं, बारीक कंबर, खाली केसासारखे दोन-चार पाय.

"मुंगीच दिसतेय की," माझ्या खांद्यावरून डोकावून रेगे मॅडम म्हणाल्या. त्या माझ्या मार्गदर्शक. त्यांना कुठल्याही टेबलावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

"बघा, मॅडम पण म्हणतात," मी आप्पांना म्हटलं.

"मॅडमनी डोळ्यानं बघितलं. डोळ्यानं मी पण बघितलंय. तू भिंगातनं बघून सांग. दिवाळीला म्हणत होतीस न्हवं, एका पानावरनं सगळी कुळी सांगते म्हणून?"

मी खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वरची साल खडबडीत, त्यामुळे आत सगळं धुरकट. "असं काही कळणार नाही, आप्पा. एक बाजू घासून सपाट करावी लागेल. मग काचेतनं बघितल्यासारखं दिसतं."

"घासायचा?"

"थोडासाच."

आप्पांनी खडा उचलला, पुरचुंडीत बांधला आणि खिशात घातला. "घासायचा न्हाई," म्हणाले, आणि मी चहा सांगेपर्यंत जिना उतरूनही गेले.

"कशाला आले होते गं?" मॅडमनी विचारलं.

"मुंगी विचारायला," मी म्हटलं. याहून जास्त मलाही कळलं नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी दारात घुटमळले नाहीत. सरळ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले, खडा पुढे केला आणि म्हणाले, "घास."

मी काचेच्या तुकड्यावर पाणी टाकून बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि खडा घासायला लागले. जरा वेळानं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "एवढा जोर नको. हिकडं दे." मग स्वतःच घासायला लागले. खल फिरवण्यात ज्यांचं सगळं आयुष्य गेलं, ज्यांचा हात एका लयीत तासन्‌तास चालायचा, त्या माणसाच्या बोटांतून खडा निसटला. काचेवर साठलेला पिवळट लगदा ते बोटानं निपटून एका कागदावर काढत होते. सवयीनं करत असतील, असं मी धरून चालले.

बाजू सपाट झाली. मी तेलाचा थेंब सोडला, भिंगाला डोळा लावला, आणि पुढचा काही वेळ मला आप्पा शेजारी आहेत याचाही विसर पडला.

ती मुंगी नव्हती. कंबर म्हणजे एक नाजूक देठ होता. डोकं म्हणजे त्या देठाच्या टोकाला आलेली बीजाणूंची कुपी. आणि पाय म्हणजे पानं, लांबट, टोकदार, प्रत्येकाच्या मधोमध एक शीर. मॉस! इतका जुना, इतका जसाच्या तसा मॉस मी पुस्तकातसुद्धा बघितला नव्हता. त्या कुपीच्या तोंडाशी दातांचं जे कडं असतं तेही शाबूत होतं, आणि ते दात माझ्या ओळखीच्या कुठल्याच कुळीचे नव्हते.

"आप्पा, मुंगी नाहीच ही!" मी ओरडलेच. "मॉस आहे! आपल्या न्हाणीमागचं शेवाळ, पण डायनोसॉरच्या काळातलं!"

"मुंगी न्हाई?"

"नाही हो. ते पाय म्हणताय ना, ती पानं आहेत. मधे शीर दिसतीय. मुंगीच्या पायाला कुठली आलीय शीर!"

"नक्की?"

"शंभर टक्के. मुंगीचा काही संबंधच नाही. या, बघा."

त्यांनी बघितलं नाही. "मुंगी न्हाई," असं पुन्हा एकदा म्हणाले, या खेपेला विचारल्यासारखं नाही. मग उठले. मी मॅडमना हाका मारत होते. वळून बघितलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. खडा तिथंच होता. लगद्याचा कागद तेवढा त्यांनी नेला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी मला आनंदाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मॅडमनी तर सगळ्या विभागाला पेढे वाटले. पुढे कित्येक महिने आम्ही त्या तिळाएवढ्या मॉसच्या मागे होतो. फोटो काढले, पानाची पेशी न् पेशी मोजली, परदेशातल्या तज्ज्ञांना पाठवलं. खडा बहुधा ब्रह्मदेशातून व्यापाऱ्यांच्या हातून आलेला, असं ठरलं. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: हा मॉस आज पृथ्वीवर कुठेही नाही. त्याची कुळीच नष्ट झालीय. त्याचा म्हणून जगात हा एवढा एकच नमुना.

"नाव तू द्यायचंस," मॅडम म्हणाल्या. "विद्यार्थिदशेत कुणाच्या नशिबी येतं हे? फक्त एक आहे. खडा कायमचा संग्रहालयाकडे जमा करावा लागेल. नमुना सार्वजनिक ठिकाणी नसेल तर ते नाव कुणी धरत नाही. वडील देतील ना?"

"देतील की. ते तर टाकूनच गेलेत."

तरी विचारायला म्हणून मी गावी गेले. आप्पा पुढच्या सोप्यात बसून पुड्या बांधत होते. मी सगळं सांगितलं: नवी प्रजाती, संग्रहालय, परत मिळणार नाही. त्यांनी मान वर केली नाही. "ने की. मला काय करायचाय?" म्हणाले. मी खूश होऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी मी निघायच्या तयारीत, पिशवी खांद्याला. आप्पांसमोर एक बाई कुशीत पोर घेऊन औषधासाठी बसली होती. तिच्यादेखत ते मला म्हणाले, "राजू, खडा परत आण."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"खडा. परत आण म्हटलं."

"अहो, काल हो म्हणालात!"

"काल म्हटलं. आज न्हाई म्हणतोय."

"पण का? काय करणार आहात त्याचं? मुंगी नाही त्यात, हे कळलंय ना तुम्हाला? आता काय, खलून टाकणार?"

हे मी चिडून बोलले. पण खलून टाकणार म्हटल्यावर आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती बाई पोराला थोपटत खाली बघत राहिली.

मी तणतणत मागच्या पडवीत गेले. तिथं आक्का शेंगा फोडत बसली होती. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिच्यासमोर बसून मी आप्पांची यथेच्छ निंदा केली. एकदा न्हाई म्हणतात, एकदा घास म्हणतात, एकदा टाकून जातात, एकदा ने म्हणतात, एकदा आण म्हणतात. या माणसाच्या मनात आहे तरी काय?

आक्काचे हात थांबले. "कुठला खडा गं? मुंगीचा?"

"तुला माहीत आहे?"

"अगं बाई," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?"

आई बाळंतपणात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा मी इतकी लहान होते की तिच्या हिरव्या काठाच्या लुगड्याशिवाय मला काही आठवत नाही.

"पुराच्या साली," आक्का सांगायला लागली. "चारी बाजूनं पाणी. बाळ पोटातच गेलेलं, आणि तिचं रक्त थांबंना. नाव मिळंना, डाक्टर कुठला यायला! तुझ्या आप्पानं घरात हुता तेवढा तृणकांत खलला. रात न्हाई, दिवस न्हाई, खल चालूच. दिलं की जरा थांबल्यागत व्हायचं, पुन्हा सुरू. मग खडं संपलं. एकच उरला."

"मुंगीचा."

"व्हय. मी म्हटलं, घाल रं बाबा खलात, कुठला नेम घिऊन बसलास. खलाशी बसला हुता, हातात खडा. बसूनच राहिला. न्हाई घातला. दुसऱ्या दिवशी ती गेली." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मी त्याला त्यावरनं कधी बोलले न्हाई. बोलून काय माणूस परत येतंय?"

मी तिच्यासमोर बसून शेंगा फोडत राहिले. कधी सुरुवात केली ते कळलं नाही. डोळ्यांसमोर एकच येत होतं: मी नाचत होते, ओरडत होते. शंभर टक्के, आप्पा. मुंगीचा काही संबंधच नाही.

पण मग ते आले कशाला? त्यांना काय हवं होतं माझ्याकडून? मुंगी निघाली असती तर त्यांचा नेम खरा ठरला असता, आणि तो मोडला नाही म्हणून आई गेली हे तसंच राहिलं असतं. मुंगी नाही म्हटल्यावर तर नेमही फुकट आणि आईही. दोन्हीकडून तोटाच. असं असताना कुणी आपणहून विचारायला येतं? माझं डोकं चालेना. मला एवढंच कळत होतं की सोप्यात बसलेल्या त्या माणसाला मी सुरी खुपसलीय आणि ती बाहेर काढायला हवी.

मी बाहेर गेले. बाई निघून गेली होती.

"आप्पा, खरं सांगू? नंतर मी पुन्हा बघितलं. मॉस आहेच, पण त्याच्या पानाखाली एक किडा पण आहे. अगदी बारीक."

पुडी बांधता बांधता ते थांबले. "पाय?"

"सहा."

"काल का न्हाई बोललीस?"

"खात्री करायची होती."

"बघू," आप्पा म्हणाले. खुंटीवरची टोपी घेतली. मला वाटलं, खडा नंतर बघू म्हणतायत. तर ते पायताणं घालून अंगणात उभे. "चल की. बस चुकंल."

एसटीत ते खिडकीशी बसले. मी मनात उजळणी करत होते. डाव्या बाजूचं तिसरं पान दुमडलेलं आहे, त्याच्या टोकाला पाय म्हणता येईल. त्याखालच्या बुडबुड्याला अंग म्हणता येईल. साठीच्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदा भिंगातून बघताना, कळणार आहे काय?

प्रयोगशाळेत दुपारची सामसूम होती. मी खडा लावला, दिवा लावला, त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा कसा मिटायचा ते सांगितलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग ते स्थिर झाले.

"दिसलं?"

"दिसलं. हे देठ. ही कुपी. तू सांगितलीस ती."

"हां. आता डावीकडं बघा. ते दुमडलेलं आहे ना, तो पाय."

"कुठला?"

"तो काय. आणि खाली गोल, ते अंग."

त्यांनी डोळा काढला नाही. बोटानं हळूच खडा सरकवला, पुन्हा बघितलं. "हे पान हाय, राजू," म्हणाले. "मधी शीर हाय. मुंगीच्या पायाला कुठली आलीय शीर, असं तूच म्हणालीस. आणि गोल दिसतंय तो वाऱ्याचा बुडबुडा. डिंकात असतोय."

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"आक्का बोलली वाटतं."

मी मान हलवली. त्यांना दिसली असेल नसेल. ते अजून भिंगातच बघत होते.

"खोटं बोलायला कुठं शिकलीस?" हे त्यांनी रागानं नाही विचारलं. आणि त्यामुळे माझा जो काही बांध होता तो फुटला.

"मग काय करू मी?" मी म्हटलं. "खरं ऐकायचंय ना? ऐका. तो खडा खलला असता तरी काही झालं नसतं. आईला रक्त द्यायला हवं होतं, दवाखाना हवा होता. पिष्टीनं ती वाचली नसती. एक खडा काय, पोतंभर खलला असता तरी नसती वाचली. तुमची काही चूक नाही!"

आता त्यांनी मान वर केली. "असं?"

"हो."

"मग आज सकाळी ती बाई बसली हुती दारात. तिला मी काय दिलं?"

त्यांना सोडवायला गेले आणि त्यांचं सगळं आयुष्यच हातातून काढून घेतलं, एवढं त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि लहान पोरीसारखी रडले. आप्पांनी मला रडू दिलं. मग बंडीतून पुरचुंडीचं तेच कापड काढून पुढे केलं. "पूस."

मी डोळे पुसले. नाक ओढत म्हटलं, "आईचं नाव देते याला. रत्नमती. जगात जिथं जिथं याच्याबद्दल लिहितील तिथं आईचं नाव राहील."

"नको."

"का?"

"जे तिला दिलं न्हाई, त्याला तिचं नाव कशाला?"

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत चाललं होतं. मी विचार करत राहिले, आणि मग मला एक गोष्ट सुचली. मला वाटलं, सापडलं. खोटं नाही, आणि त्यांचा अपमानही नाही.

"मग मुंगीचं नाव देते," मी म्हटलं. "लॅटिनमधे, मुंगीसारखा दिसणारा, अशा अर्थाचं. ऐका तर. रेगे मॅडमची सगळी हयात मॉसमधे गेली, त्यांना काय वाटली पहिल्यांदा? मुंगीच. मला काय वाटली? मुंगीच. भिंगाशिवाय कुणालाही मुंगीच वाटणार. त्या नावातच ते येईल. म्हणजे जो कुणी वाचेल त्याला कळेल की या खड्यापुढं भलेभले फसले असते. तुम्ही एकटे नाही फसला, आप्पा. कुणीही फसलं असतं."

आप्पा ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझं बोलणं मधे न तोडता ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रत्नी न्हाई फसली," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"शेवटच्या दिवशी. मी खलाशी बसलेला, हातात खडा. ती अंथरुणातनं म्हणाली, आणा बघू हिकडं. दिला. खिडकीतनं पुराचा उजेड येत हुता पांढराफटक, त्यात धरला तिनं. हात वर ठरंना, मी मनगट धरलं. लई वेळ बघितला. मग म्हणाली, अहो, ही मुंगी न्हाई. कसलंतरी गवत हाय. खला तुम्ही."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, तुला ग्लानी हाय, तुला काय दिसतंय. मला काय, जीव वाचवायला ती काय बी म्हणंल असं वाटलं. म्हटलं, तुझ्यासाठी मी नेम मोडावा म्हणून खोटं बोलालीस. असं बोललो मी तिला. तोंडावर." त्यांनी टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तिनं खडा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड केलं."

भंगारवाला गेला होता. हे तर आक्कालाही माहीत नव्हतं.

"इतकी वर्षं म्हणत हुतो, मुंगी निघू दे," आप्पा म्हणाले. "आणि म्हणत हुतो, न निघू दे. मुंगी निघाली तर ती खोटं बोलली म्हणायची. न्हाई निघाली तर खरं. मरताना ती खरं बोलली का खोटं, एवढंच मला पायजे हुतं. काल तुला हो म्हटलं, आणि रातभर वाटत राहिलं, खडा गेला म्हणजे तिचं बोलणंच गेलं."

"नेते मी परत. संग्रहालयाला नाही देत. नाव नको, काही नको."

"न्हाई. हितंच ठेव. घरात ठिवून मी एकट्यानंच बघितला न्हवं इतकी वर्षं? काय बघितलं? मुंगी. हितं बघणारी माणसं तरी हायत." मग टोपी डोक्यावर चढवून, "नाव मुंगीचंच दे. ती माझी चूक हाय. राहू दे मुंगीच्या नावावर."

मी हो म्हटलं. पुढे तेच नाव दिलं गेलं, आणि परिषदांत लोक मला अजून विचारतात की एवढ्या देखण्या मॉसला असलं नाव का. मी सांगते, लांबून मुंगीसारखा दिसतो म्हणून.

त्या दिवशी मी दिवा बंद करायला हात पुढे केला, तर आप्पांनी तो धरला. स्टूल पुढे ओढलं, एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. आता त्यांना शिकवावं लागलं नाही.

"राजू," ते भिंगातूनच म्हणाले, "यात गवतासारखं कुठलं दिसतं, दाखव. तिला कुठलं पान दिसलं असंल?"

मी खडा हळूच वळवला.